संदर्भ : गूगल

बारा ज्योतिर्लिंगांतलं वैजनाथ कुठं आहे, हे परळीतल्या सहावीच्या पोराला विचारा. तो हात लांब करून दाखवील. आता त्याच पोराच्या हातात मोबाईल द्या आणि इंग्रजी विकिपीडियावर बैद्यनाथ मंदिर शोधायला सांगा. पान उघडतं ते झारखंडातल्या देवघरचं.

मग प्रकल्पाच्या वहीत काय उतरणार?

रोज ज्या देवळावरून शाळेत जातो ते, की स्क्रीनवर दिसलं ते? गुण कशाला मिळतात हे पोराला चांगलं ठाऊक असतं. स्क्रीनवरचंच उतरणार.

वैजनाथ परळीचं की देवघरचं, हा वाद जुना आहे. दोन्हीकडचे लोक ज्योतिर्लिंग स्तोत्राचा आपापला पाठ पुढे करतात. हिमाचलातल्या बैजनाथचंही नाव कुणी कुणी घेतं. विकिपीडियावर परळीच्या देवळाचं वेगळं पान आहे, त्यामुळं माहिती दडवली असं म्हणायला जागा नाही. पण पहिल्याच पानावर थांबलेल्या मुलाला असा काही वाद आहे याचाही पत्ता लागत नाही. आणि पहिल्या पानावर थांबायची सवय त्याला आपणच लावली आहे.

लहान मुलांनी ऑनलाइन ज्ञानकोश वापरावेत का, यावर शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडतात. एक म्हणतो, तिथं कुणीही येतं आणि काहीही लिहितं, मुलांना फिरकू देऊ नका. दुसरा म्हणतो, जमाना बदलला, आता सगळं तिथंच आहे. पहिल्याला मुलांच्या हातात काय आहे ते दिसत नाही. दुसऱ्याला त्यांच्या वहीत काय आहे ते दिसत नाही.

ती वही उघडा.

वर रंगीत पुठ्ठा. स्केचपेननं रंगवलेलं नाव. प्रस्तावना, ऋणनिर्देश, मध्ये छापून आणून चिकटवलेला मजकूर, मग निष्कर्ष. आणि सगळ्यात खाली एक ओळ. संदर्भ : गूगल.

गूगल हा संदर्भ कसा? कुठून आलास असं विचारलं तर ‘एसटीनं’ म्हणून सांगण्यासारखं झालं हे. एसटीनं आलास ते कळलं, पण गाव कोणतं?

राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. तोंडी काम, प्रयोग, उपक्रम यांच्याबरोबर प्रकल्पालाही गुण आले. कल्पना फार चांगली होती. मुलानं घराबाहेर पडावं, चार माणसांना विचारावं, मोजावं, पाहावं आणि मग लिहावं. प्रत्यक्षात गुरुजींच्या डोक्यावर शाळेबाहेरची शंभर कामं आणि टेबलावर वह्यांचा गठ्ठा. मूल बाहेर पडलंच नाही. प्रिंट बाहेर पडली.

बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत ‘इंटरनेट माझा मित्र’ अशी चौकट असते. मैत्री लावून दिली, हे बरं केलं. पण हा मित्र कधी खरं सांगतो, कधी ऐकीव सांगतो, कधी पैसे घेऊन बोलतो, हे कुणी सांगायचं? घरच्यांनी? आपल्या बीड जिल्ह्यातल्या हजारो घरांत हे सगळं शिकणारी पहिलीच पिढी या मुलांची आहे.

ग्रामीण भागातल्या शिक्षणाची पाहणी करणारा ‘असर’चा २०२४ चा अहवाल बघा. ग्रामीण भारतातल्या चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन चालवता येतो. आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी तो वापरलेली मुलं ५७ टक्के. समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. म्हणजे ‘वापरू द्यावं का’ हा प्रश्न मुलांनी कधीच निकालात काढला आहे.

आपणच अजून त्यावर चर्चासत्रं घेतोय.

आता विकिपीडियाचा एक मूलभूत नियम सांगतो. स्वतः शोधून काढलेलं, आधी कुठं छापून न आलेलं, तिथं लिहायचं नाही. मूळ संशोधनाला तिथं मज्जाव. जे इतरांनी आधीच प्रसिद्ध केलंय त्याचा गोषवारा द्यायचा आणि खाली दाखला जोडायचा. ज्ञानकोशासाठी हा नियम अगदी रास्त आहे. पण शाळेतला प्रकल्प कशासाठी असतो? मुलानं स्वतः काही शोधावं यासाठी. जिथं स्वतः शोधलेलं लिहायला बंदी आहे तिथला मजकूर उतरवून ‘माझा प्रकल्प’ म्हणायचं, आणि आपण त्यावर तारांकित शेरा द्यायचा!

विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी २००६ मध्येच कॉलेजच्या मुलांना बजावलं होतं की ज्ञानकोशाचा दाखला देऊ नका. दुकानदार स्वतः सांगतो, आणि आपण ऐकत नाही.

‘म्हणजे तिथं सगळं खोटंच असतं?’ असं लगेच म्हणू नका. २००५ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकानं विकिपीडिया आणि ब्रिटानिका यांच्या विज्ञानाच्या ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. विकिपीडियात नोंदीमागे सरासरी चार चुका निघाल्या, ब्रिटानिकात तीन. ब्रिटानिकानं त्या तपासणीवर कडाडून आक्षेप घेतला तो भाग वेगळा. पण कातडी बांधणीचे खंडही चुकतात हे त्यातून दिसलं.

मात्र ती तपासणी इंग्रजीतल्या विज्ञानाची होती. गेवराई तालुक्यातल्या एखाद्या गावाचं मराठी पान कुणी तपासलं?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. आज त्यावर लाखाच्या आसपास लेख आहेत. इंग्रजीत सत्तर लाखांच्या वर. आकड्यातला फरक सोडा, आतला बघा. आपल्या गावांची कितीतरी पानं एकाच साच्यातून काढलेली आहेत. अमुक गाव हे अमुक तालुक्यातलं एक गाव आहे. मग मथळे: हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा. मथळ्यांखाली कितीदा तरी कोरी जागा. ‘आपले गाव’ असा प्रकल्प घेतलेलं पाचवीचं मूल अशा पानावरून काय उचलणार?

मथळे.

आणि गंमत अशी की त्या मथळ्यांखाली काय लिहायचं हे त्या पानाला माहीत नाही, मुलाला माहीत आहे. गावाला पाणी कुठून येतं, उन्हाळ्यात टँकर कधी लागतो, जत्रा कोणत्या महिन्यात भरते, नदी कधी वाहते. तेवढं सोडून तो उरलेलं उतरवतो.

खोटं कसं टिकतं, याचा एक किस्सा वर्गात जरूर सांगा. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या वर्गात २०१२ साली प्राध्यापक मुलांना सांगत होते की विकिपीडियावर भरवसा ठेवू नका. वर्गातल्या एकाला लहर आली. विजेवरच्या टोस्टरचा शोध ॲलन मॅकमास्टर्स या स्कॉटिश माणसानं लावला, असं त्यानं विकिपीडियावर घुसडलं. हे नाव त्याच्या शेजारी बसलेल्या मित्राचं. पुढं त्या ‘शास्त्रज्ञा’चं सबंध चरित्र आलं, जुना वाटावा असा फोटो आला. वर्तमानपत्रांनी ते छापलं, पुस्तकांत गेलं. ब्रिटनच्या पन्नास पौंडांच्या नोटेसाठी कुणी त्याचं नाव सुचवलं. स्कॉटलंडमधल्या एका प्राथमिक शाळेनं त्याच्या नावानं एक दिवस साजरा केला.

दहा वर्षं कुणाला शंका आली नाही. २०२२ मध्ये एका पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलाला तो फोटो बनावट वाटला आणि सगळं बिंग फुटलं.

संपादकांना दिसलं नाही, शिक्षकांना दिसलं नाही. पोराला दिसलं, कारण त्यानं नीट पाहिलं. लहान मुलांना ज्ञानकोश झेपत नाहीत म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आपल्याकडेही फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी विकिपीडियातल्या मजकुरावरून गदारोळ झाला. मुख्यमंत्र्यांनी लक्ष घातलं, महाराष्ट्र सायबरनं नोटिसा काढल्या, संपादकांवर गुन्हा दाखल झाला. त्या आठवड्यात सगळ्या महाराष्ट्राला प्रथमच कळलं की ही पानं माणसं लिहितात आणि माणसं बदलतात. हे शाळेत शिकवायला किती वेळ लागला असता?

एक तास.

त्या तासाला फार काही लागत नाही. एक फोन आणि फळा. विकिपीडियाच्या पानावर ‘इतिहास पहा’ असं लिहिलेलं असतं. तिथं गेलं की कोणता बदल कधी झाला, कोणी केला, सगळी यादी येते. ‘चर्चा’ उघडली की भांडणं दिसतात. तळाशी दाखल्यांची यादी असते. जिथं दाखला नाही ते वाक्य वहीत घ्यायचं नाही, एवढा एक नियम पाचवीचं मूलही पाळू शकतं. आठवीच्या मुलाला पुढं सांगा: दाखला आहे तो उघडून बघ. कितीतरी दाखले उघडतच नाहीत. हेही शिक्षणच.

मराठीला स्वतःचे कोश नाहीत, असं कुणी म्हणत असेल तर त्याला वाईला पाठवा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी जिथून मराठी विश्वकोशाचा गाडा ओढला ते वाई. पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि विसावा पूर्ण व्हायला २०१५ उजाडलं. सगळा कोश आज इंटरनेटवर फुकट आहे. नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, म्हणजे चुकलं तर कुणाला विचारायचं ते कळतं. मुलांसाठी कुमार विश्वकोशही काढला. त्याही आधी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड उभे केले, तेही आता ऑनलाइन वाचता येतात. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासूनचं आहे, त्याचे जुने अंकही नेटवर आहेत.

तुमच्या शाळेत हे पत्ते भिंतीवर लिहिलेत का?

पण विश्वकोशही डोळे मिटून उतरवायचा नाही. ज्या खंडाची छपाई १९७६ ची, त्यातली लोकसंख्या १९७१ ची. लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला. त्याआधी छापलेल्या मजकुरात बीडच्या शेजारी लातूर कुठून असणार? २००६ पूर्वी छापलेल्या नोंदीत ग्रह नऊच असणार, प्लूटो त्यानंतर वगळला गेला. नोंद खोटी नाही, जुनी आहे. खोटं आणि जुनं यांतला फरक मुलाला कळणं हे त्या नोंदीपेक्षा जास्त मोलाचं आहे.

आकड्यांचं तर विचारूच नका. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार निघाली. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. तरी वह्यांमध्ये गेल्या वर्षीची लोकसंख्या शेवटच्या आकड्यापर्यंत लिहिलेली सापडते. कुठल्या तरी संकेतस्थळानं केलेला तो अंदाज. कोणी मोजलं, असा प्रश्न एकदा तरी लाल शाईनं विचारला जातो का?

आता अंबाजोगाईला चला, कारण बीड जिल्ह्यात याहून चांगला धडा सापडणार नाही. मुकुंदराजांची समाधी तिथं आहे. ‘विवेकसिंधु’चा काळ शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८, असा सांगतात आणि त्यावरून मुकुंदराजांना मराठीचे आद्यकवी म्हणतात. वहीत ही दोन वाक्यं आली की प्रकल्प संपला. खरं तर तो इथं सुरू व्हायला हवा. विदर्भातले अभ्यासक म्हणतात की मुकुंदराज वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याचे, नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यातले. काळाबद्दलही मतभेद आहेत, आणि आद्य ग्रंथाचा मान महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’ला देणारेही आहेत.

सातवीच्या मुलाला हे जड जाईल?

मुळीच नाही. क्रिकेटच्या एका धावबादवर दोन बाजूंनी तासभर वाद घालणाऱ्या मुलाला दोन गावांचे दावे समजत नाहीत, हे कोण म्हणतं? त्याला इतकंच सांगा: विकिपीडियावर काय दिलंय ते लिही, विश्वकोशात काय आहे ते त्याखाली लिही, दोन्हींत फरक कुठं पडतो त्याला खूण कर. मग समाधीपाशी जा. तिथल्या पाटीवर काय लिहिलंय ते उतरव. पाटी कोणी लावली, तेही विचार. चार पानांचा असा प्रकल्प चाळीस छापील पानांना भारी पडेल.

अंबाजोगाई निजामाच्या काळात मोमिनाबाद होती. स्वामी रामानंद तीर्थांनी तिथल्या शाळेत शिकवलं. १७ सप्टेंबर १९४८ नंतर मराठवाड्यात काय बदललं, हे आपल्या आजोबांकडून ऐकलेली माणसं गावोगाव आहेत. ज्या आज्या-आजोबांनी ते दिवस स्वतः पाहिले ते आता फार थोडे उरलेत. त्यांच्याकडे मूल पाठवायचं सोडून आपण त्याला ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम’ या शीर्षकाची प्रिंट काढायला पाठवतो. प्रिंट पुढच्या वर्षीही निघेल. ती माणसं पुढच्या वर्षी असतील?

आणखी एक घर आहे, जिथं या चर्चेतलं काहीच पोचत नाही. दसरा झाला की बीडमधली गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. पोरं काही बरोबर जातात, काही आजीजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात. घरातला एकुलता स्मार्टफोन बापाबरोबर फडावर. अशा मुलाला ‘नेटवरून माहिती मिळवा’ सांगितलं की तो काय करणार? आजीकडून वीस-तीस रुपये मागणार आणि तालुक्याच्या नेट कॅफेत जाणार. माहिती कॅफेवाला निवडणार. वही पोराची, निवड कॅफेवाल्याची, गुण मात्र पोराच्या ‘शोधक वृत्ती’ला.

या मुलाला ऊसतोड हाच विषय द्या. उचल म्हणजे काय, मुकादम ती कशी देतो, नवरा-बायको मिळून एक कोयता कसा धरला जातो, पहाटे किती वाजता फडात उतरतात, मोळी कशी बांधतात. यावर कोणत्याही ज्ञानकोशापेक्षा जास्त माहिती त्याच्या घरात आहे. ती विकिपीडियाला चालणार नाही, छापील दाखला नाही म्हणून. शाळेला चालायला काय हरकत आहे? ‘संदर्भ : माझी आई, बारा हंगाम ऊसतोड’ असं त्यानं लिहिलं तर त्याला पैकीच्या पैकी गुण द्यायला कोणता शासन निर्णय आडवा येतो?

छापील साधनंही आहेत. जिल्ह्याचं गॅझेटिअर १९६९ मध्ये निघालं, तेव्हाच्या शिरस्त्यानं ‘भीर’ या नावानं. आज ते नेटवर वाचता येतं. इंग्रजीत आहे, म्हणून मुलांऐवजी गुरुजींनी वाचावं. बालभारतीनं तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हावार काढलं होतं. बीडचं वेगळं. घराघरांत ते होतं, रद्दीत गेलं. ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, अनुदानित वाचनालयं गावोगाव आहेत. तुमच्या गावच्या वाचनालयात विश्वकोशाचे खंड आहेत? असतील तर कपाटाची किल्ली कुणाच्या खिशात आहे?

आता तर मूल ज्ञानकोशाचं पानही उघडत नाही. फोनला विचारतं, फोन बोलून उत्तर देतो. हे उत्तर देणारी यंत्रं विकिपीडियावरही पोसलेली आहेत. फरक एवढाच की विकिपीडियाच्या पानाला इतिहास होता, चर्चा होती, तळाशी दाखले होते. बोललेल्या उत्तराला तळ कुठला? काल ज्या विकिपीडियाला नावं ठेवली तोच आज जुन्या चांगल्या पुस्तकासारखा वाटू लागलाय.

म्हणून माझं मत सरळ आहे. पाचवीपासून पुढं मुलांना ऑनलाइन ज्ञानकोश वाचू द्या. रोज वाचू द्या. वहीत पुरावा म्हणून मात्र एकटा ज्ञानकोश चालवून घेऊ नका, मग तो विकिपीडिया असो की विश्वकोश. दुसरा दाखला हवाच, आणि त्यांतला एक तरी मुलानं पायी जाऊन मिळवलेला हवा. पाचवीच्या आतल्या मुलांना यात ओढूच नका. त्यांना झाड दाखवा, विहीर दाखवा, माणसं दाखवा.

गुरुजी, बाई, तुम्हाला एकच विनंती. पुढच्या प्रकल्पाला पानांची सजावट, पुठ्ठा, अक्षर यांचे जे गुण ठेवले असतील ते काढून टाका आणि एका प्रश्नाला द्या: हे तुला कुणी सांगितलं? मुलाला उत्तर देता आलं तर वही घ्या. ‘गूगल’ म्हणाला तर परत द्या, आणि पुन्हा करायला आठवडाभर वेळ द्या.